तिवाचा आळणी रस्सा

उखळापाशी एक माणूस आहे की दोन, हे अबेतेंसू गावात आंधळाही सांगेल. एकटी बाई कांडत असली की आवाज अडखळत येतो. एका हाताने आखूड मुसळ मारायचं, थांबायचं, दुसऱ्या हाताने गोळा उलटायचा, मग परत मारायचं. दोघं असली की अडखळणं नाही. उभा असलेला गडी पुरुषभर उंचीचं मुसळ खाली आणतो, आणि ते वर जातंय तोवर बसलेलीने ओल्या हाताने गोळा उलटून ठेवलेला असतो. धप्प आणि चप्प, धप्प आणि चप्प, केळी आणि कसाव्याच्या कंदाचं मऊ फुफू होईपर्यंत.

त्या वर्षी वाळवंटाकडचा कोरडा वारा लवकर सुटला होता. चार वाजताचं ऊन पिठासारखं पांढरं पडलेलं, समोरच्या घराचं पत्र्याचं छप्पर धड दिसत नव्हतं, आणि ज्याचे त्याचे ओठ फुटलेले. अशा दुपारी एनो पिनामान आपल्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळं गाव तिला एनो, म्हणजे आई म्हणतं. तर भिंतीपलीकडून, तिवाच्या अंगणातून, तो आवाज आला. धप्प आणि चप्प. एनोने चार शेंगा सोलल्या, पाचवी हातातच राहिली.

तिवाच्या घरात तिवा एकटी होती. तिचा नवरा बेदियाको जाऊन दोन महिने होत आले होते.

एनो पिनामान दुसऱ्याच्या भांड्यात नाक खुपसायला कधी लाजली नाही. पण त्या दिवशी तिने भिंतीवरून डोकावलं नाही. शेंगांची टोपली उचलली, आत गेली आणि भर दुपारी दार लावून घेतलं.

अकुआ तिवाला गाव मीठवाली म्हणून ओळखतं. बारा वर्षांची असल्यापासून ती आईशेजारी बाजारात बसली. समुद्राकडून ट्रकने मिठाची पोती येतात, ती फोडायची, टिनाच्या मापाने विकायची, आणि मागे दोरीवर खारवलेले मासे टांगायचे, एवढाच धंदा. पण त्यात तिची जीभ अशी तयार झाली की खडा जिभेवर ठेवून ती मीठ कुठल्या खाडीचं ते सांगे, आणि पोत्यात वाळू मिसळलेली निघाली तर ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. माप शिगोशीग भरायची. मात्र चव बघतो म्हणून कोणी बचक भरली की हातावर डाव बसलाच.

बेदियाको तिला भेटला तो मिठापायीच. तो लाकूडकाप्या होता, करवत ओढून ओढून दंड भरलेले, बोलायला मात्र लाजरा. आठवड्याचं मीठ घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. तिवाची आई शेवटी वैतागून म्हणाली, "अरे बाबा, तू मीठ खातोस की पुरून ठेवतोस?" लग्न झाल्यावर त्याच्या पेटीत मिठाच्या अकरा पुड्या निघाल्या, एकही फोडलेली नव्हती.

घर तिवाच्या आईच्या कुळाचं; तो तिथे राहायला आला आणि पहिल्याच दिवशी त्याने मुसळ हातात घेतलं. हे मुसळही त्याने स्वतःच तोडून आणलेलं. आमच्याकडे मिसरूड फुटेपर्यंत सगळेच कांडतात, नंतर प्रत्येकजण ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघतो. बेदियाको साठीतही कांडत होता. बाप्ये हसायचे. "काय मुसळ्या, आज बायकोने किती घाम काढला?" तो म्हणायचा, "तुमच्या बायका पुडीतलं पीठ घोटून वाढतात. माझी हात घालून करते. तुम्ही हसा, मी गिळतो." फुफू चावायचं नसतंच, घास तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा.

आधी उकडलेली हिरवी केळी कांडून बाजूला काढायची. मग कसावा, त्याच्या मधली दोरीसारखी शीर काढून. मग दोन्ही एकत्र, हाताला गाठ लागेनाशी होईपर्यंत. उलटणाऱ्या बाईला नियम एकच, वर बघायचं नाही. मुसळाकडे बघितलं की हात चुकतो. नजर गोळ्यावर, कान मुसळावर. काम झालं की कांडणारा मुसळ उखळाच्या काठावर दोनदा आपटतो, टक् टक्, चिकटलेलं झटकायला, आणि तेव्हाच बाईने मान वर करायची. ते टक् टक् म्हणजे बेदियाकोचं 'झालं गं' असायचं. तोंडाने तो कधी म्हणाला नाही.

उखळात डोकं घातलं तर मुसळाला कशाला भ्यायचं, असं म्हणतात. तिवाने डोकं नाही, हात घातला होता, बत्तीस वर्षं, आणि मुसळ लागलं एकदाच. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. मग दिवस गेले, आणि नववा सरता सरता कांडतानाच पहिली कळ आली. हात उखळातच राहिला. मधल्या बोटाचं नख फुटलं ते पुढे वाकडंच उगवलं. संध्याकाळी आफ्रिये झाली, त्यांची एकुलती एक. बेदियाको येईल त्याला सांगायचा, "मी मुसळ मारलं आणि पोर बाहेर पडलं." तिवा आतून ओरडायची, "हो, आणि बोंब मीच मारली!"

चार वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सने बेदियाकोच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि तिवाला दम भरला. मीठ बंद. खारवलेला मासा तर नजरेलाही पडता कामा नये. मीठवालीच्या घरात! गावाला हसायला विषय मिळाला. तिवा मात्र हट्टाला पेटली. एका भांड्यात दोन चवी कुठून करायच्या, म्हणून स्वतःही आळणी खायला लागली. पहिल्या दिवशी बेदियाकोने घास गिळला आणि बराच वेळ वाडग्यात बघत बसला.

"तिवा, मी मेलोय का गं?"

"नाही. गिळा."

"आळणी मेलेल्यांना वाढतात."

"आणि मरू नये म्हणूनही वाढतात. गिळा म्हटलं ना."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडे पितरांना जे ठेवतात त्यात मिठाचा कण नसतो. मेलेल्याला मीठ सोसत नाही. जिवंत माणसाचीच ती चैन. तर चार वर्षं रोज पहिला घास गिळला की बेदियाको विचारायचा, "मी मेलोय का गं?" आणि तिवा म्हणायची, "नाही. गिळा." दोघांचा तो रोजचा खेळच होऊन बसला होता.

मग एका दुपारी त्याने वाडगं बोटाने पुसून साफ केलं, हात धुतले, खुर्चीत मान टेकली आणि तो उठलाच नाही. एवढं तोंड मारून ठेवलं त्याचं आणि तरी गेला, हे तिवाला फार लागलं. लोक रडायला येत होते आणि तिच्या मनात एकच. मरायचंच होतं तर एक खारा मासा तरी खाऊन जायला हवा होता.

चाळिसाव्या दिवशी मेलेल्याला शेवटचं वाढतात. घरामागे केळीच्या बुंध्याशी वाडगं ठेवायचं आणि मागे वळून न बघता यायचं. त्या जेवणात अर्थात मीठ नसतं. घास जिभेवर ठेवला की माणसाला उमगतं, आपण आता इथले नाही, आणि तो वाटेला लागतो. तिवाने सगळं रीतीने केलं. आफ्रिये पोटुशी म्हणून तिला कुमासी शहराहून आणलं नव्हतं. काळं नेसलेल्या चार बायका बरोबर होत्या, त्यांनी तिला दंडाला धरून परत आणलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिवा एकटीच उखळापाशी बसली. एका माणसापुरता कसावा उकडला होता. लांब मुसळ भिंतीला टेकून उभं होतं, तिने आखूड मुसळ जवळ घेतलं. पहिला घाव घातला, थांबली, हात ओला करून गोळा उलटला. आणि आखूड मुसळ परत उचलायच्या आत धप्प झालं.

हात मागे ओढायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. हात पुढे गेला, गोळा उलटला, बाहेर आला. धप्प. हात गेला, आला. धप्प. मुसळ खाली येताना मनगटाला जो वारा लागतो, तो लागत होता. कसाव्यावर मुसळाच्या पिंजलेल्या टोकाचे वळ उठत होते. ठेका तोच, तिसऱ्या घावाला किंचित लांबणारा. बेदियाकोचा खांदा एकदा झाडाखाली सापडला होता, तेव्हापासूनचा.

तिवाने वर बघितलं नाही. नियमच होता. आणि भीतीही होती. समोर काहीतरी उभं आहे याची भीती नव्हती. वर बघितलं आणि कोणीच नसलं तर काय करायचं, ती होती.

गोळा मऊसूत झाला. घाव विरळ होत होत थांबले. तिवा मान खाली घालून टक् टक्‌ची वाट बघत राहिली. ते आलं नाही. भिंतीची सावली सरकत उखळापर्यंत आली तरी आलं नाही. शेवटी तिने डोळे जमिनीवरच ठेवून गोळा उचलला आणि आत गेली. बऱ्याच वेळाने दारातून डोकावली तर लांब मुसळ भिंतीला जिथल्या तिथे होतं. टोक ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोन माणसांपुरता कसावा उकडला.

तीन आठवडे हे चाललं. तिवाने कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर ती सुखात होती. सकाळी बाजारात बसली तरी कान चार वाजण्याकडे. काळ्या कपड्यांतली विधवा, पण दुपारी वेणी घालून बसायची. उखळाच्या पलीकडे त्याचं ठेंगणं स्टूल, त्यावर त्याचं वाडगं, अलीकडे तिचं. ती खाली बघून आपलं आळणी फुफू गिळायची. त्याचं वाडगं सकाळी जसंच्या तसं भरलेलं असायचं. ते ती शेळीपुढे ओतायची. शेळी वास घ्यायची, दोन पावलं मागे सरायची आणि दावं ताणून भिंतीला चिकटून उभी राहायची. केळीच्या सालीवर तुटून पडणारी शेळी.

मग आणखी काही गोष्टी झाल्या. तिवाचा उजवा हात, उलटायचा हात, गार पडायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. चुलीपाशी धरला तरी ऊब चढेना. अंगावरचं कापड दोन वेढे जास्त घेऊ लागलं. आणि एका बाजाराच्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "तिवाबाई, या मिठात वाळू आहे." तिवाने तावातावाने खडा उचलून जिभेवर ठेवला. खडा जिभेवर नुसता राहिला. खारट काही लागलंच नाही. तिने दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग वाद न घालता त्याचं मीठ परत घेतलं, आणि गिऱ्हाइकालाच ओशाळल्यासारखं झालं.

गुरुवारी आफ्रियेचा फोन आला.

"आई, डॉक्टरीण म्हणतेय आता प्रवास करायचा तर लगेच कर. रविवारी येते मी. बाळंत होऊन, बाळाच्या नावाचा दिवस करूनच परतेन."

"ये ना बाई, ये."

"आणि फुफू करशील ना? इथे सगळं पुडीतलं. बाबा असते तर…"

"हो गं," तिवा म्हणाली आणि तिने घाईने फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी एनो पिनामान काठी टेकत आली आणि मिठाच्या पोत्यावरच बसली.

"एक माप दे."

"परवाच नेलंत की, एनो."

"सांडलं. तुझ्याकडे कांडतं कोण?"

"मीच कांडते."

"सत्तर वर्षं ऐकतेय मी मुसळ. मला नको शिकवू. एकटीचा आवाज नाही तो."

तिवा माप भरत राहिली. भरून सांडायला लागलं तरी भरत राहिली. मग म्हणाली, "ते येतात."

एनोने नुसती मान हलवली, पाऊस येणार असं कोणी सांगावं तशी. "बघितलंस?"

"टक् टक् होत नाही. वर कशी बघू?"

"चाळिसाव्याला काय ठेवलं होतंस?"

"ठेवतात तेच. फुफू आणि रस्सा, आळणी."

"आणि त्याच्या आधी चार वर्षं काय वाढत होतीस?"

तिवाचा हात थांबला.

"अगं, त्याला कळणार कसं?" एनो म्हणाली. "घास तोंडात घातला असेल, म्हणाला असेल, हा तर आमच्या तिवाचाच हात. रोजचंच जेवण. खाल्लं, उठला आणि आला कांडायला."

तिवा हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि ठसक्याचं कधी रडू झालं ते तिलाही कळलं नाही. "रोज विचारायचे हो, एनो. रोज विचारायचे, मी मेलोय का."

"आणि तू रोज नाही म्हणालीस."

बाजारात शेजारी टोमॅटोवाली ओरडत होती.

"मग येऊ देत की," तिवा म्हणाली. "कोणाचं काय खातात?"

"तुझं खातोय. हात दे इकडे." एनोने तिचा उजवा हात आपल्या हातात धरला आणि पटकन सोडला. "मेलेल्याच्या पंगतीला बसतेस, त्याचंच जेवण जेवतेस. आणखी महिनाभर, मग तूही त्याच्यातलीच. दोघं मिळून कांडा, मला नुसता आवाज ऐकायला येईल, दिसणार कोणीच नाही. तुझं जाऊ दे. तू हट्टी, तुला काय सांगायचं. पोर परवा येतेय ना? जन्मलेलं बाळ आठ दिवस पाहुणं असतं. राहायचं की परत जायचं, ते ठरवत असतं. अंगणात आजोबा दिसला तर? तो काही वाईट नाही गं, प्रेमानेच बोट पुढे करेल. आणि बाळ ते धरेल."

तिवाने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "मग काय करू?"

"काय करू म्हणते! मिठाच्या ढिगात बसलीयेस. घाल की त्याच्या रश्श्यात. पहिल्या घासाला कळेल त्याला."

"आणि मग परत येणार नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"माझा एकदाही आला नाही," एनो म्हणाली. "तुला तीन आठवडे मिळाले." काठी टेकून ती उठली आणि मीठ न घेताच गेली.

शनिवारी तिवा बाजारात गेली नाही. दोरीवरचा सगळ्यात मोठा खारा मासा तिने काढला, अशाच माशांकडे बेदियाको चार वर्षं येता-जाता बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. पामची फळं उकडली, कांडली, चोथा पिळून काढला, लाल रस्सा चुलीवर चढवला. कांदा, टोमॅटो, मिरची. तेल वर तरंगेपर्यंत आटवला. मग मिठाचं भांडं पुढे ओढलं आणि तशीच बसली. चाखून उपयोग नव्हता. शेवटी तिने बोटं भांड्यात घातली आणि लग्न झालं तेव्हा जेवढं घालायची तेवढं घातलं. जीभ मेली होती तरी हाताला आठवत होतं.

चार वाजता ती उखळापाशी बसली. अंगण धुळीने पांढरं होतं, शेळी भिंतीला चिकटलेली होती. तिवाने केळी टाकली, हात ओला केला, एकदा उलटलं.

धप्प.

एवढ्या दिवसांत ती कांडताना त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आज म्हणाली, "आफ्रिये उद्या येतेय."

मुसळ एक घाव चुकलं. तिचा हात उखळाच्या मध्यात होता, तो तिने तसाच ठेवला. मग मुसळ आलं, बोटाच्या शेजारी, हळू.

"तिला मुलगा हवाय म्हणते. मला काहीही चालेल. धडधाकट असलं म्हणजे झालं." केळी काढली, कसावा घातला. "तुमच्या मुसळाची गोष्ट मीच सांगेन बाळाला. तुम्ही सांगायचात तशीच सांगेन, माझी बोंब गाळून."

धप्प आणि चप्प. कसावा झाला, केळी त्यात मिसळली. गोळा एकजीव झाला, गाठ राहिली नाही. तिवा उलटत राहिली. गोळा केव्हाच झाला होता, तिला ते माहीत होतं, मुसळालाही माहीत असणार. घाव विरळ झाले की ती परत पाणी लावून उलटायची आणि मुसळ बिचारं परत यायचं. हात खांद्यापर्यंत गार पडला होता. भिंतीची सावली सरकायला लागली तेव्हा तिने हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. बत्तीस वर्षांत तिने आधी हात काढल्याचं हे पहिल्यांदाच.

तिने गोळे वळले, वाडग्यात घातले, वर रस्सा ओतला, रश्श्यावर मासा ठेवला. त्याचं वाडगं त्याच्या स्टुलावर, आपलं आपल्यापुढे. नजर उखळात.

"गिळा," ती म्हणाली.

वारा पडला होता. शेजारच्या घरात कोणी नसल्यासारखं शांत होतं. एनो भिंतीपलीकडे श्वास धरून बसली असणार. तिवा उखळाच्या तळाशी चिकटलेल्या कसाव्याकडे बघत होती. मग पलीकडे एक बारीक आवाज झाला. तो तिच्या ओळखीचा होता, ओला घास घशाखाली उतरताना होतो तो.

विचारलं कोणीच नाही. पण विचारायची वेळ तीच होती, पहिल्या घासानंतरची, आणि ते विचारणं अंगणात उभं होतं.

"हो," ती म्हणाली. "हो, आफ्रियेचे बाबा."

उखळाच्या काठावर मुसळ आपटलं. टक् टक्.

तिवाने मान वर केली.

समोर पांढरं ऊन आणि रिकामं अंगण. लांब मुसळ भिंतीला टेकून उभं होतं. शेळी दावं सैल सोडून इकडेच बघत होती. तिवा उठली, पलीकडे गेली. त्याच्या वाडग्यातला गोळा एका बाजूने बोटांनी तोडलेला होता, एकच घास. मासा मात्र तसाच होता. बेदियाको मासा नेहमी शेवटी खायचा.

तिवा त्याच्या स्टुलावर बसली. तिने तो मासा उचलून एक लचका तोडला, आणि मीठ जिभेला इतक्या जोरात लागलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबलंच नाही. ती मोठ्याने रडली, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी, आणि रडत रडत सगळा मासा तिने खाल्ला, काटे चोखून. उरलेलं फुफू शेळीपुढे ठेवलं तर शेळीने वाडगं चाटून पुसून काढलं.

हाताला ऊब यायला संध्याकाळ झाली. तिवाने उखळ धुतलं, पालथं घातलं, आणि उद्यासाठी कसावा निवडायला बसली. आफ्रिये आल्या आल्या फुफू मागणार होती, आणि कांडायला आता कोणीतरी बघायला हवं होतं.